गुडघ्याची झीज आणि फिजिओथेरपी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गुडघेदुखीचा पेशंट आत येतो तो एक्स-रेचं मोठं पाकीट काखेत धरूनच. ते उघडायच्या आधी मी त्यांना समोरच्या खुर्चीवरून उठून दाखवायला सांगते. दोन्ही हात खुर्चीवर रेटून, एका पायावर भार टाकून, "आई गं" म्हणत माणूस कसा उठतो, यातूनच निम्मं निदान होतं. एक्स-रे नंतर. खालचे प्रश्न टेबलावर पाय लांब करून बसलेल्या काकूंनी, त्यांच्यासोबत आलेल्या सुनांनी आणि फोनवरून परदेशातल्या मुलांनी विचारलेले आहेत. तेच प्रश्न वर्षानुवर्षं येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढते.

एक्स-रेत "गॅप कमी झालाय" म्हणाले. म्हणजे हाडावर हाड घासतंय का?

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड गुडघ्यात जिथे भेटतात तिथे दोन्ही टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं आणि मध्ये दोन छोट्या गाद्या असतात. एक्स-रेत हे काहीच दिसत नाही, दिसतात फक्त हाडं. मधल्या रिकाम्या फटीवरून आपण कूर्चा किती उरली याचा अंदाज बांधतो. तोच तुमचा "गॅप". बहुतेकांची आतल्या बाजूची फट आधी बारीक होते, म्हणून दुखणं जुनं झालं की पायांना बाक येतो. एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपून काढला तर गुडघ्यावर भार नसतो आणि फट आहे त्यापेक्षा रुंद दिसते.

खरी गडबड करतो तो "झीज" हा शब्द. तो ऐकला की चपलेचा झिजलेला तळ डोळ्यांपुढे येतो, आणि मग माणूस चप्पल जपावी तसा गुडघा जपू लागतो. पण कूर्चेत दुखणं कळवणाऱ्या नसाच नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं सुजलेलं आतलं आवरण, ताणलेले बंध आणि थकलेले स्नायू. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय करता येतो. स्नायूवर तर नक्कीच.

रिपोर्टवर "ग्रेड ३" किंवा "ग्रेड ४" लिहिलेलं असतं, ती प्रतवारी केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडली. एक्स-रे कसा वाचायचा यासाठी ती केलेली आहे. तुम्ही किती चालू शकाल हे तिच्यातून कळत नाही. ग्रेड ४ चा एक्स-रे घेऊन जेजुरीचा गड चढून आलेले काका मी पाहिलेत, आणि ग्रेड २ वर घराचा जिना उतरताना रडकुंडीला आलेल्या मावशीही. प्रतवारी वाचून घाबरलेल्या माणसाची मी आधी मांडी दाबून बघते.

गुडघ्यातलं वंगण संपलंय असं सांगितलं. ते परत भरता येतं का?

वंगण संपत नाही. सुजलेल्या गुडघ्यात तर ते नेहमीपेक्षा जास्त असतं, फक्त पातळ झालेलं असतं. हा द्रव सांध्याचं आवरण सतत तयार करतं. शिवाय कूर्चेला रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिचं पोषणही याच द्रवातून होतं. भार आला की स्पंजासारखं पिळलं जाणं, भार गेला की पुन्हा शोषून घेणं, अशा रीतीने. त्यासाठी गुडघा हलावा लागतो. बराच वेळ बसून उठल्यावर पहिली चार पावलं जड पडतात आणि मग पाय मोकळा होतो, हा तुमचा रोजचा अनुभव आहे.

"वंगणाचं इंजेक्शन" मिळतं, महाग असतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ते देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. तुमच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांचं मत वेगळं असू शकतं, त्यांना जरूर विचारा. पण ते घेऊन व्यायामाला सुट्टी मिळत नाही एवढं नक्की.

चाललं, व्यायाम केला की आणखी झिजणार नाही का?

हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि घरचीच माणसं तो प्रेमाने जोपासतात. "आई, तू बस, मी आणतो." आई बसते. सहा महिन्यांत आईची मांडी बारीक होते.

त्याचं असं आहे. गुडघा दुखला, सुजला की मेंदू मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही. क्वाड्रिसेप्स म्हणतात तो हा. संरक्षणासाठी केलेली तात्पुरती सोय असते ती. पण दुखतं म्हणून वापर कमी, वापर कमी म्हणून ताकद कमी, ताकद कमी म्हणून पावलाचा धक्का स्नायूने झेलायच्या ऐवजी थेट सांध्यावर, आणि म्हणून परत दुखणं. मी वाटीच्या वर चार बोटं सोडून दोन्ही मांड्यांना टेप लावते आणि आकडे नातेवाइकांना मोठ्याने वाचून दाखवते. दुखऱ्या बाजूचा आकडा बहुतेक वेळा कमीच निघतो. एक्स-रेपेक्षा ही टेप लोकांना जास्त पटते.

नीट आखलेल्या व्यायामाने कूर्चा जास्त झिजते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. जगभरातल्या मार्गदर्शक सूचना मशीन, गोळ्या, ब्रेस यांबाबत एकमेकींशी भांडतात, पण व्यायाम, वजन आणि दुखण्याची समज या तीन गोष्टी पहिल्या, यावर त्यांचं एकमत आहे.

म्हणून दुसऱ्या टोकाला जाऊन पहिल्याच दिवशी दहा हजार पावलं मोजायची नाहीत. आज दहा मिनिटं जमतात तर दहाच. दोनदा. पुढच्या आठवड्यात बारा.

मशीनचा शेक किती दिवस घ्यायचा? शेकाने बरं वाटतं, मग व्यायाम कशाला?

या प्रश्नाचं उत्तर दिलं की काही पेशंट नाराज होतात. पण ते लिहिलंच पाहिजे.

मशीन म्हणजे नेमकं कोणतं, ते आधी बघू. चार चकत्या लावून मुंग्या येतात ते आयएफटी. छोट्या डबीएवढं, घरीही घेता येणारं ते टेन्स. जेल लावून गोल गोल फिरवतात ते अल्ट्रासाउंड. मोठ्या पेटीतून दोन पॅड निघतात आणि आत खोलवर ऊब जाणवते ते शॉर्ट वेव्ह डायथर्मी. याशिवाय लेझर, आणि कापडात गुंडाळलेला गरम पॅक. यांपैकी काहींनी काही काळ दुखणं कमी वाटतं. मांडीची ताकद यांतलं कोणतंही वाढवत नाही, कूर्चा भरून काढत नाही, जिना चढायला शिकवत नाही.

नाइसच्या त्याच २०२२ च्या सूचनांत टेन्स, आयएफटी, अल्ट्रासाउंड, लेझर हे उपाय झिजेच्या दुखण्याला देऊ नयेत असं म्हटलंय. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ साली गुडघ्यासाठी टेन्सच्या विरोधात ठाम शिफारस केली. मग आमच्या खोलीत ती मशीन का आहेत? कारण पहिल्या आठवड्यात गुडघा इतका दुखत असतो की पेशंट पाय उचलायलाच तयार नसतो. दहा मिनिटं शेक, दुखणं जरा शांत, आणि लगेच व्यायाम. एवढंच त्याचं काम. जिथे रोज वीस मिनिटं मशीन लावून "उद्या या" म्हणतात, एकदाही तुम्हाला उभं करून बघत नाहीत, तिथे तुम्ही उपचारांचे नव्हे, विजेचे पैसे भरताय.

सुरक्षिततेचं थोडं. पेसमेकर असेल तर मशीन लावण्याआधी सांगा. शॉर्ट वेव्ह तर बिलकूल चालत नाही. पायात रॉड, प्लेट किंवा बदललेला सांधा असेल तरीही शॉर्ट वेव्ह नको. आणि जुना मधुमेह असेल तर गरम पॅकखाली चटका बसलेला कळतच नाही. आम्ही आधी गरम आणि गार पाण्याच्या दोन परीक्षानळ्या कातडीला लावून विचारतो, "काकू, कुठली गरम?" उत्तर चुकलं तर शेक रद्द.

मग नेमके व्यायाम कोणते?

तुमचा पाय न बघता पूर्ण यादी देणं बरोबर नाही. पण पाया जवळपास सगळ्यांचा सारखाच असतो.

पहिला अगदी साधा. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ती खाली दाबा. वाटीवर बोट ठेवून बघा, स्नायू नीट आवळला तर वाटी मांडीकडे सरकते. सरकली नाही तर तुम्ही टाचेने किंवा कमरेने जोर लावताय. पाच मोजेपर्यंत धरा, सोडा, दहा वेळा. श्वास कोंडायचा नाही. मोठ्याने आकडे म्हटले की तो आपोआप चालू राहतो. (एक आजी आकड्यांऐवजी रामनाम घेतात. चालतं.)

दुसरा, सरळ पाय उचलणं. पाठीवर झोपा, चांगला गुडघा दुमडून पाऊल गादीवर टेकवा, दुखरा पाय गुडघ्यात ताठ ठेवून वीतभर वर, थांबा, हळूहळू खाली. इथे सगळे एक लबाडी करतात. गुडघा किंचित वाकवून पाय भर्रकन वर नेतात. मग काम मांडीऐवजी जांघेचा स्नायू करतो. उंच नेण्यात काही कमाई नाही, ताठ ठेवण्यात आहे.

तिसरा माझा सगळ्यात लाडका, खुर्चीवरून उठणं आणि बसणं. खुर्ची भिंतीला टेकवा, म्हणजे सरकणार नाही. खुर्चीच्या कडेला या, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, पुढे झुका, आणि हात न लावता उठा. बसताना धपकन नाही, तीन मोजत बसा. उठवत नसेल तर खुर्चीवर एक जाड उशी ठेवा. सवय झाली की उशी काढा, मग बुटक्या स्टुलावर या. या एका व्यायामात मांडी, नितंब आणि तोल तिन्ही येतात, आणि दिवसभर तुम्हाला नेमकं हेच तर करायचं असतं. तीस सेकंदांत किती वेळा उठता आलं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीच तुमची प्रगतीची परीक्षा.

चौथा, कुशीवर झोपून वरचा पाय वर उचलणं. "गुडघा दुखतोय आणि कमरेचा व्यायाम कशाला?" असं प्रत्येक जण विचारतो. नितंबाच्या बाजूचा स्नायू ढिला असेल तर पाऊल टाकताना सगळं अंग डुलतं, आणि ते डुलणं गुडघ्याला सोसावं लागतं.

पाचवा ओट्यापाशी उभं राहून टाचा उचलणं. चहाला उकळी येईपर्यंत.

आणि गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, तर टाच समोरच्या स्टुलावर ठेवून पाय मधे अधांतरी सोडा, पाच मिनिटं. वाकडा राहिलेला गुडघा उभं असताना मांडीला क्षणभरही विश्रांती देत नाही. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय असेल तर ती मोडा. बरं वाटतं, पण गुडघा त्याच वाकात आखडतो.

आता मुख्य मुद्दा. यादीचा झेरॉक्स फ्रिजवर लावून वर्षभर तेच दहा-दहा केले तर ताकद एका जागी थांबते. स्नायूला दर एक-दोन आठवड्यांनी थोडं जास्त ओझं द्यावं लागतं. घोट्याला बांधायचे वाळूचे पट्टे मिळतात, अर्ध्या किलोपासून. ते नसतील तर कापडी पिशवीत मिठाचा पुडा घालून घोट्याला बांधा. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून "ग्लॅड" नावाचा कार्यक्रम चालतो, त्यात सहा आठवड्यांत देखरेखीखाली व्यायामाचे १२ वर्ग असतात आणि जोडीला दुखण्याची माहिती. आपल्याकडे एवढी शिस्तबद्ध सोय सगळीकडे नाही, पण आठवड्यातून दोनदा फिजिओसमोर आणि उरलेले दिवस घरी, हे गणित कुठल्याही गावात जमतं.

व्यायाम करताना दुखलं तर थांबायचं का?

थोडं दुखलं तर नाही. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी पट्टी मनात धरा. व्यायाम करताना पाचाच्या आत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं, तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला किंवा लंगडायला लागलात, तर काल जास्त झालं. व्यायाम बंद करू नका, निम्मा करा.

पहिल्या आठवड्यात मांडीचा स्नायू भरून येणं वेगळं आणि सांधा दुखणं वेगळं. हात ठेवून दाखवा कुठे दुखतंय. मांडीवर हात गेला तर मी खूश होते.

किती दिवसांत फरक पडेल?

सहा ते आठ आठवडे धरा, नीट ताकद यायला तीन महिने. चार दिवसांत फरक पडेल असं सांगणारा तुम्हाला शेक विकतोय. आणि बरं वाटल्यावर व्यायाम बंद केला की दुखणं परत येतं; याला बीपीच्या गोळीसारखं समजा.

खाली मांडी घालून बसायचं की नाही? भारतीय संडासाचं काय?

"मांडी घालणं कायमचं बंद" असं मी सरसकट सांगत नाही. पूजा, पंगत, हळदीकुंकू, भजन, सगळं जमिनीवर. ते तोडलं की म्हाताऱ्या माणसाचं घरातलं स्थानच हलतं. मला प्रश्न बसण्याचा कमी आणि उठण्याचा जास्त वाटतो. मांडी घालताना गुडघा पूर्ण दुमडतो आणि पिळतोही. ते अर्धा तास टिकवून मग त्याच आखडलेल्या पायावर सगळं वजन टाकून उठायचं, तिथे कळ येते.

म्हणून: दुखणं भडकलेलं असेल तेव्हा खुर्ची. शांत असेल तेव्हा पाटावर किंवा जाड उशीवर बसा, पंधरा-वीस मिनिटांत पाय लांब करा, आणि उठताना पलंगाला किंवा भिंतीला धरून आधी एका गुडघ्यावर या. भाजी निवडणं, पोळ्या लाटणं ओट्यावर किंवा टेबलावर न्या. फरशी पुसायला लांब दांड्याचा पोछा. उकिडवं बसून धुणं धुणं हे मात्र खरंच सोडा.

संडासाबाबत भावना बाजूला ठेवा. कमोड करून घेता येत नसेल तर भारतीय भांड्यावर ठेवायची मधे भोक असलेली खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते. भिंतीत एक दांडा ठोकून घ्या. गावाकडे लग्नाला जाताना घडीची कमोड खुर्ची गाडीत टाकून नेणारं एक कुटुंब मला माहीत आहे. पहिल्यांदा पाहुणे हसले. दुसऱ्या दिवसापासून तीच खुर्ची अर्ध्या वऱ्हाडाने वापरली.

जिना कसा चढायचा?

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कठडा धरा. एका पायरीवर दोन्ही पाय आणून मग पुढची.

उतरताना जास्त दुखतं हा तुमचा भ्रम नाही. बर्लिनमधल्या संशोधकांनी बदललेल्या गुडघ्यांच्या आत सेन्सर बसवून मोजलं. सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार आला, जिना उतरताना साडेतीन पटीच्या जवळपास. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर दिवसातल्या खेपा मोजा आणि बांधून घ्या. दूध, भाजी, औषधं एकाच फेरीत.

काठी घेतली तर लोक काय म्हणतील?

काठीचं नाव काढलं की बाई एकदम म्हातारी होते. खरं तर लंगडत चाललेलं लोकांना जास्त दिसतं.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखतो तर डाव्या हातात. दहातले आठ जण उलटं धरून येतात, आणि सिनेमातही उलटंच दाखवतात. काठी आणि दुखरा पाय एकत्र पुढे टाकायचे. उंची मोजायची ती चपला घालून, हात सैल सोडून: काठीचा मुठीकडचा भाग मनगटाच्या घडीशी यायला हवा. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं की बदला, विशेषतः पावसाळ्यात. ज्यांना "काठी" नकोच, त्यांना मी लांब दांड्याची छत्री सुचवते. पावसाळ्याचे तीन-चार महिने चालतं. नंतर उन्हाचं निमित्त.

वजनाचा गुडघ्याशी एवढा काय संबंध?

२००५ साली अमेरिकेतल्या मेसियर आणि सहकाऱ्यांनी वजन कमी केलेल्या वयस्क पेशंटांच्या चालण्याचं मोजमाप केलं. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी, असा हिशोब निघाला. पाच किलो उतरवलं तर पावलागणिक वीस किलो. हे गणित मी पेशंटला पाच किलोची गव्हाची पिशवी उचलायला देऊन समजावते.

पण वजन नुसतं चालून उतरत नाही, ते ताटातून उतरतं. संध्याकाळचा चहा-खारी, उपवासाची साबुदाण्याची खिचडी यांवर बोलायची वेळ आली की आमचं संभाषण थंडावतं. तरीही बोलते. जेवण एकदम तोडायचं मात्र नाही. उतारवयात प्रथिनं कमी पडली की चरबीसोबत स्नायूही जातो. ताटात डाळ, मूग-मटकीची उसळ, दही, अंडी, मासे, जे चालत असेल ते वाढू द्या.

नी कॅप लावू का?

बाहेर जाताना आधार वाटतो तर लावा. दिवसरात्र नको. बिजागरीचा, मापाने घेतलेला ब्रेस ही वेगळी गोष्ट आहे. पायाला बाक आलेला असेल तर काहींना उपयोगी पडतो, पण तो तपासून घ्यायचा असतो, ऑनलाइन मागवायचा नसतो.

गरम शेक की बर्फ? आणि तेलाचं काय?

आखडलेला, सकाळी जड वाटणारा गुडघा असेल तर गरम. सुजलेला, हाताला ऊन लागणारा, कालच जास्त चालून भडकलेला असेल तर बर्फ, रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. निर्गुडीचा पाला, एरंडाचं पान, गरम विटेचा शेक हे सगळं चालतं. ऊब ती ऊबच. फोड येईपर्यंत नाही. तेलाने हलका हात फिरवला तर बरं वाटतं, वाटू द्या. सुजलेल्या गुडघ्याला कुणी जोरात रगडून "नस बसवत" असेल तर उठून या.

गुडघ्यातून कटकट आवाज येतो.

दुखत नसेल, सूज नसेल तर येऊ दे.

इंजेक्शन घेतलं की लगेच बरं वाटतं. मग फिजिओ कशाला?

स्टिरॉइडचं इंजेक्शन लवकर आराम देतं हे खरं. पण अमेरिकी लष्कराच्या आरोग्यसेवेत १५६ पेशंटांचे दोन गट करून एकाला इंजेक्शन आणि दुसऱ्याला फिजिओथेरपी दिली. वर्षाअखेरीस फिजिओच्या गटाचं दुखणं आणि अडचणी कमी होत्या. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. खूप सुजलेल्या गुडघ्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तर त्या आरामाच्या आठवड्यांत व्यायामाची घडी बसवून घ्या, नाहीतर ती संधी वाया जाते.

"दुर्बीण घालून साफ करून टाका" असंही लोक विचारतात. २००२ साली ह्यूस्टनमध्ये १८० जणांवर केलेल्या अभ्यासात काहींवर खरी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली आणि काहींच्या गुडघ्यावर फक्त वरवर काप घेतले. दोन वर्षं पाठपुरावा केला. दोन्हींत फरक दिसला नाही. नुसत्या झिजेसाठी ती करू नये.

ऑपरेशन टळेल का? आणि करायचंच असेल तर आधी फिजिओ का?

बऱ्याच जणांचं पुढे ढकललं जातं, काहींना लागतच नाही. काहींना लागतं. रात्री झोपू न देणारं दुखणं, खूप वाकलेला पाय, तीन-चार महिने मनापासून व्यायाम करूनही घराबाहेर पडता येत नाही, अशा वेळी सांधा बदलणं हा चांगला उपाय आहे, आणि मी स्वतः पेशंटला सर्जनकडे पाठवते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, त्यामुळे सांध्याचा खर्च पूर्वीइतका अवाढव्य राहिलेला नाही. बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवलेली असते, बघून घ्या.

ऑपरेशनआधी मांडी तयार असेल तर नंतर पायावर उभं राहणं सोपं जातं. वॉकर कसा धरायचा, पलंगावरून कसं उतरायचं हे दुखत नसताना शिकून ठेवलेलं बरं. नंतरचे पहिले सहा आठवडे तर पूर्णपणे व्यायामाचेच असतात. तेव्हा "दुखतंय, राहू दे आज" म्हणणारी मुलं आईचा गुडघा आखडवतात.

कधी फिजिओकडे न येता आधी डॉक्टर गाठावा?

गुडघा लाल, गरम, सोबत ताप. पडल्यानंतर पायावर भारच देता येत नाही. पोटरी एकाएकी सुजून दुखते. गुडघा मधेच अडकतो आणि सुटतच नाही. विश्रांतीतही रात्री ठणका आणि वजन आपोआप उतरतंय. किंवा सकाळचा ताठरपणा तासभर टिकतो, बोटांचे सांधेही सुजतात. हा झिजेपेक्षा वेगळा, आमवाताच्या प्रकारचा संधिवात असू शकतो आणि त्याची औषधं लवकर सुरू व्हावी लागतात.

चांगला फिजिओ ओळखायचा कसा?

आपल्याकडे फिजिओ म्हणजे मालिशवाला किंवा मशीनवाला, ही समजूत अजून गेलेली नाही. १९५३ साली मुंबईच्या केईएममध्ये या विषयाचं देशातलं पहिलं शिक्षण सुरू झालं, ते पोलिओच्या साथीनंतर मुलांना पुन्हा उभं करण्यासाठी. मूळ धंदा उभं करण्याचा आहे.

तेव्हा पदवी विचारा आणि महाराष्ट्रात असाल तर फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेची नोंदणी विचारा. विचारल्याचा राग येणाऱ्याकडे जाऊ नका. पहिल्या दिवशी त्यांनी तुम्हाला चालवलं का, बसवून उठवलं का, पाय किती वाकतो ते मोजलं का? घरी काय करायचं ते करून दाखवलं आणि तुमच्याकडून करून घेतलं का? दोन आठवड्यांनी व्यायाम बदलला का? घरी येणाऱ्या फिजिओलाही हेच प्रश्न. पंचवीस सिटिंगचं पॅकेज पहिल्याच दिवशी आगाऊ भरायला सांगितलं तर थोडं थांबा, सहा बैठका करून बघा.

येताना सैल पायजमा किंवा गुडघ्यावर सहज जाणारी सलवार घालून या, रोजच्या चपला आणा, काठी असेल तर तीही. आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी. एक्स-रे राहिला घरी तर राहू दे.